अठरा रिकामे लिफाफे

१

पहिला लिफाफा रिकामा निघाला तेव्हा कुगोंझा नुसती हसली. दुसरा रिकामा निघाला तेव्हा तिने तो उलटा करून टेबलावर आपटला. पाचव्यानंतर मात्र तिने उरलेले सगळे भराभर उघडून पाहिले.

"अब्वोली मॅडम! अब्वोली मॅडम, लवकर या!"

कोबुसिंगे व्हरांड्याच्या टोकाला फोन उंच धरून रेंज शोधत उभी होती. ती शाळेची उपमुख्याध्यापिका, इतिहास शिकवणारी. अब्वोली हा तिचा पाको, म्हणजे लाडाचंही आणि मानाचंही नाव. तोरो मुलखात आपल्या माणसाला पाकोनेच हाक मारतात. कुगोंझाच्या आवाजातली भीती ऐकून ती धावतच आत आली.

दुधाच्या पावडरीचा डबा टेबलावर उघडा होता. त्यात सव्वीस लिफाफे आणि प्रत्येकात नखाएवढं एक मेमरी कार्ड. एका कार्डात एक धडा, तोही नुसता आवाजाचा. साथीमुळे शाळा बंद होऊन चौदा महिने झाले होते. चहाच्या मळ्यांतून आणि डोंगरापलीकडून मुलं शनिवारी फाटकापाशी यायची, एकेक कार्ड घेऊन जायची, घरच्या छोट्या रेडिओत घालून ऐकायची आणि पुढच्या शनिवारी परत आणून द्यायची. गणिताचे सतरा धडे अरालींचे, रसायनाचे पाच तिबेंडाचे आणि इंग्रजीचे चार कुगोंझाचे.

अराली मास्तर वारल्याला नऊ आठवडे झाले होते. पंधरा दिवसांपूर्वी वीज पडून ऑफिसातला कॉम्प्युटर जळाला आणि त्यातल्या सगळ्या मूळ प्रती गेल्या. तेव्हापासून डबा कपाटात कुलूपबंद होता, कारण धड्यांची तीच शेवटची प्रत होती. आता नवा कॉम्प्युटर आला होता. सोमवारपासून रोज दहा वाजता ऑनलाइन वर्ग भरणार होता. मंगळवारीच ठरलं होतं की आज, शुक्रवारी, धडे कॉम्प्युटरवर चढवायचे आणि मग कार्डं पुसून नव्या धड्यांसाठी मोकळी करायची.

"किती गेली?" कोबुसिंगेने विचारलं.

"अठरा." कुगोंझाने ओठ चावला. "सगळी गणिताची. म्हणजे, जवळजवळ सगळी."

कोबुसिंगेने लिफाफे हातात घेतले. कागद मऊ पडले होते, कितीतरी लिफाफ्यांचा वरचा कोपरा दुमडलेला होता. वर कुगोंझाच्या सुबक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं होतं: गणित एक, अराली. गणित दोन, अराली. आत काहीच नाही.

सिनियर फोरच्या, म्हणजे बोर्डाच्या वर्षाच्या, एकशे बारा मुलांची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. गणिताला दुसरा मास्तर नव्हता.

"पोलीस," हेडमास्तर सेबुन्या दारातूनच म्हणाले. ते राजधानीचे, कंपालाचे. त्यांना पाको नव्हता आणि या फोर्ट पोर्टल गावाच्या संथपणाचा त्यांना मनापासून राग होता. "कपाटाच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?"

"चौघांकडे आहेत, सर. माझ्याकडे, कुगोंझाकडे, तिबेंडांकडे. आणि झाडलोटीसाठी अड्येरींकडे."

सगळ्यांची नजर खिडकीबाहेर गेली. अड्येरी व्हरांडा पुसत होती. सत्तरीची, काटक, अरालींची थोरली बहीण. गळ्यात दोरीने अडकवलेला लहानसा रेडिओ, एका कानात वायर. तिने मान वर केली नाही.

"म्हातारीला सोडा," हेडमास्तर म्हणाले. "तिला इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही. लिफाफ्यावरचं वाचून नेमकी अरालींची कार्डं ती काढणार कशी? ज्याचे स्वतःचे धडे शाबूत राहिले तो माणूस बघा. ज्याने फोनवर स्वतःचा वेगळा वर्ग काढलाय तो. तीन वाजेपर्यंत थांबतो, अब्वोली. मग मी तिबेंडाचं नाव पोलिसांना देणार."

घड्याळात साडेनऊ झाले होते.

२

कोबुसिंगेने चहा मागवला आणि तो तसाच गार होऊ दिला. मुलांच्या ग्रुपवर तिने निरोप टाकला: अराली सरांचा धडा कोणाच्या फोनमध्ये उतरवून ठेवलेला आहे का? रेडिओवर ऐकणारी मुलं उतरवून ठेवणार कुठे? तासाभरात तीन उत्तरं आली. तीन मुलांकडे मिळून एक धडा होता, आणि तोही अर्धाच.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. उरलेली आठ कार्डं समोर होती. रसायनाची चार, इंग्रजीची तीन आणि गणिताचं एक.

गणित नऊ, अराली.

हे का ठेवलं? चोर घाईत होता? मोजताना चुकला? तिने कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि डोळे मिटले. नऊ आठवड्यांनी तो आवाज ऐकायला मिळणार होता.

स्पीकर खरखरला. कोणीतरी घसा साफ केला.

"हं, मुलांनो, वह्या काढा. आणि कोणी जांभई देऊ नका, मला ऐकू येतं."

कोबुसिंगेचे डोळे खाडकन उघडले. हा अरालींचा आवाज नव्हता. हा तिबेंडा होता.

३

तिबेंडा प्रयोगशाळेत स्टूलावर बसून फोनवर वर्ग घेत होता. तिला पाहून त्याने फोन पालथा घातला.

"आलीस? मला वाटलं होतं तू पोलिसांबरोबर येशील."

"मिस्टर तिबेंडा..."

"मिस्टर! वा! आज सकाळपर्यंत मी अपूली होतो."

"गणिताच्या नवव्या धड्यात तुझा आवाज कसा?"

तो मान हलवत हसला. "ते होय? अराली त्या दिवशी इस्पितळात होता. पहिल्यांदा नेलं तेव्हा. मला म्हणाला, अपूली, मुलांचा आठवडा बुडवू नकोस. मी वाचून दाखवलं त्याच्या वहीतलं. मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं."

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"कशाला? आधी त्याने माझं एक निभावलं होतं. माझ्या आईला माती द्यायला गेलो होतो तेव्हा रसायनाचा चौथा धडा त्याने घेतला. वर म्हणाला, तुझ्या गंधकाचा वास माझ्या तोंडाला लागला."

कोबुसिंगेने दाराच्या चौकटीला हात टेकला. "रसायन चारसुद्धा गेलंय."

"गेलं?"

"लिफाफ्यावर तुझं नाव आहे. ते गेलं. आणि अरालींच्या नावाचं, पण तुझ्या आवाजाचं, ते राहिलं."

तिबेंडाने हात झटकले. "मग झालंच की! ही अदलाबदल मला एकट्याला ठाऊक. म्हणजे मीच चोर. सांग तुझ्या कंपालाकरांना. मंगळवारी मी त्यांच्याकडे अरालीची कार्डं मागितली होती माझ्या वर्गासाठी, त्यांनी हाकलून दिलं. तेही लिहून घे."

"तू घेतलीस का?"

"अब्वोली, माझे धडे चोरालाही नको झालेत. एवढ्या अपमानावर आणखी शिक्षा कशाला?" पण त्याचे डोळे हसत नव्हते. "त्याचा आवाज बंद करून मला काय मिळणार? माझ्या वर्गातली पोरं मला रोज सांगतात, सर, अराली सर असं नाही सांगायचे."

बाहेर येताना तिला वाटलं, याने घेतली नाहीत. पण वाटण्यावर हेडमास्तर थांबणार नव्हते. पावणेबारा झाले होते. आणि अजून एक लिफाफा होता, ज्याचा विचार तिने केलाच नव्हता.

४

"इंग्रजी तीन," ती कुगोंझाला म्हणाली. "तो तुझा धडा. तोही गेलाय. का?"

कुगोंझाचे डोळे भरून आले. "मला काय माहीत, मॅडम? माझ्यावरही संशय आहे का? मी तर लिफाफ्यांवर नावंसुद्धा वेळापत्रक बघून लिहिली. कार्डं ऐकत बसायला वेळ कुठे होता? तिबेंडा सरांनी गणित घेतलं हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय."

"रडू नकोस. आठव. तो धडा तू कुठे बोललीस? तेव्हा कोण होतं तिथे?"

"ऑफिसात. तो माझा पहिलाच. माझे हात कापत होते म्हणून..." ती थांबली. "म्हणून रेकॉर्डर अराली सरांनी धरला होता. सगळा वेळ गप्प होते. आणि शेवटी, मी संपलं म्हटल्यावर, मोठ्याने हसले. म्हणाले, पोरी, आज तू मला हरवलंस, माझ्या धड्यात मुलं झोपतात. ते तसंच राहून गेलं कार्डात. मी काढलंच नाही."

"हे कोणाला ठाऊक होतं? तिबेंडाला?"

"छे! मी लाजून कोणाला बोलले नाही."

कोबुसिंगे फेऱ्या घालायला लागली. खिडकी, कपाट, खिडकी. रसायन चारचं गुपित तिबेंडाला ठाऊक होतं, पण इंग्रजी तीनचं नाही. इंग्रजी तीनचं कुगोंझाला ठाऊक होतं, पण रसायन चारचं नाही. चोराला दोन्ही ठाऊक होतं. सव्वीसही कार्डं त्याने अथपासून इतिपर्यंत ऐकली होती, पाऊण-पाऊण तासाची. गणितासाठी कोणी इंग्रजीचा धडा शेवटच्या हसण्यापर्यंत ऐकत नाही.

चोराने गणित नेलं नव्हतं. आवाज नेला होता.

"लिफाफे मांड," ती म्हणाली. "रिकामे इकडे, भरलेले तिकडे."

कुगोंझाने मांडले. एकीकडे अठरा, दुसरीकडे आठ. दोघी वाकून बघत राहिल्या. अठराच्या अठरा रिकाम्या लिफाफ्यांचा वरचा कोपरा दुमडलेला होता. नखाने दाबून, नीट. भरलेल्या आठांचे कोपरे सरळ होते.

"मला वाटलं होतं, वापरून दुमडलेत," कुगोंझा पुटपुटली.

"मलाही." कोबुसिंगेने एक दुमडलेला कोपरा बोटाने चाचपला. "कुगोंझा, तुला हवं ते कार्ड तू कसं शोधशील?"

"नाव वाचून."

"आणि वाचता येत नसेल तर?"

कुगोंझाने तोंडावर हात ठेवला. ज्या कारणाने सकाळी अड्येरीला सोडून दिलं होतं, नेमकं तेच कारण आता तिच्याकडे बोट दाखवत होतं. वाचता येणाऱ्याला खुणेची गरज नव्हती, आणि वाचता येणारा नवव्या धड्यापाशी फसला असता.

कोबुसिंगेने खिडकीतून पाहिलं. व्हरांडा स्वच्छ पुसलेला होता. बादली उलटी घालून ठेवली होती. अड्येरी निघून गेली होती.

घड्याळात एक वाजून गेला होता. तिने फाटकावरून बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, पकडली.

५

मोटारसायकल चहाच्या मळ्यांतून चढत होती, आणि कोबुसिंगेला एकच प्रश्न टोचत होता. का? दोन महिने ही बाई रोज सकाळी एक कार्ड काढत होती, झाडता झाडता ऐकत होती आणि परत ठेवत होती. कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग याच आठवड्यात तिने ती पळवली का?

अड्येरीचं घर केळीच्या बागेला लागून होतं. ती ओट्यावर बसून फिरिंडाच्या कालवणासाठी घेवडा सोलत होती. गळ्यातला रेडिओ बंद होता. कोबुसिंगेला पाहून ती उठली नाही.

"ये, अब्वोली. दूध घेशील?"

"नको. अड्येरी, तुम्हाला माहीत आहे मी का आले."

"माहीत आहे." तिने घेवडा बाजूला सारला, आत गेली आणि फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. मांडीवर ठेवली, पण उघडली नाही. "लिफाफे शाळेचे होते. ते तिथेच ठेवले."

"आणि कार्डं?"

"कार्डात माझा भाऊ आहे."

"एकशे बारा मुलं आहेत, अड्येरी. त्यांची परीक्षा..."

"मुलं?" म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मुलांसाठी ठेवणार होतीस तू? मंगळवारी तू स्वतः बोललीस. त्या पोरीला म्हणालीस, सोमवारच्या आत सगळी कार्डं पुसून टाक, कोरी करकरीत करून ठेव. मी तिथेच होते. तुझ्या पायाखालची फरशी पुसत होते."

कोबुसिंगेला ते शब्द आठवले. फोन कानाला लावून, घाईघाईत, मागे कोण आहे हे न बघता ती ते बोलली होती.

"ते तसं नव्हतं," ती म्हणाली. "आधी आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवायचा होता. मग पुसायचं. आवाज तिथे राहिला असता."

"त्या पेटीत?"

"हो."

"आधीच्या पेटीतही होता. माझ्या भावाला पुरलं त्या दिवशी तूच मला म्हणाली होतीस, अड्येरी, आवाज पेटीत सुरक्षित आहे. मग वीज पडली. तू सांगायलासुद्धा आली नाहीस. मला झाडताना जळलेली वायर दिसली तेव्हा कळलं."

समोरच्या केळींत वारा सळसळत होता. तिचा फोन वाजला, हेडमास्तर. तिने तो बंद केला.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "दोनदा झाली. तुम्हाला सांगायला हवं होतं. मंगळवारी निदान मागे वळून बघायला हवं होतं."

अड्येरी पुरचुंडीवर हात ठेवून बसली होती. "आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी शाळा सोडली, तो शाळेत गेला. संध्याकाळी मला सगळं सांगायचा, मास्तर काय बोलले ते. मला नुसता आवाज कळायचा. आताही तसंच. तो अलीकडून पलीकडे काहीतरी नेतो, चिन्ह बदलतो, मी झाडत असते." तिने नाक पुसलं. "तुझ्या पेटीवर माझा विश्वास नाही, पोरी."

"मग पेटीत उतरवताना तुम्ही शेजारी बसा. एकेक कार्ड तुमच्या हाताने द्या आणि तुमच्या हाताने परत घ्या. ही अठरा कार्डं पुसायची नाहीत. ती तुमची. शाळेला नवी आणता येतील."

"हेडमास्तर देईल?"

"त्यांना मी बघते."

"आणि मला कामावरून काढतील?"

"काढायचं झालं तर पुसायचा हुकूम देणाऱ्या बाईला आधी काढावं लागेल."

अड्येरीने कमरेला गुंडाळलेलं कितेंगेचं कापड घट्ट बांधलं आणि पुरचुंडी पोटाशी धरून ती उठली. "चल. बोडावर तू मध्ये बस. मला मध्ये गुदमरतं."

६

हेडमास्तर तीन वाजता फोन हातात घेऊनच उभे होते. तिबेंडा भिंतीला टेकून होता. कोबुसिंगेने सगळं सांगितलं: कोपरे, नववा धडा, शेवटचं हसणं आणि स्वतःचे मंगळवारचे शब्द. हेडमास्तर दोनदा मध्ये बोलायला गेले, पण अड्येरी दारात उभी राहून त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"चोरी ती चोरी," ते शेवटी म्हणाले.

"मग माझंही नाव द्या, सर," तिबेंडा म्हणाला. "मी दुसऱ्याच्या नावाने धडा घेतला. आणि सोमवारी गणिताच्या वर्गात तुम्ही शिकवा."

हेडमास्तरांनी फोन खिशात घातला. "तोंडी ताकीद," ते गुरगुरले आणि खोलीतून निघून गेले.

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारचा पूर्ण दिवस अड्येरी कॉम्प्युटरशेजारी बसून होती. एक कार्ड द्यायची, मिनिटभर आवाज ऐकायची, मान हलवली की मगच पुढचं. कुगोंझाने तीन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या आणि तिन्ही तिला वाजवून दाखवल्या.

सोमवारी दहा वाजता वर्ग सुरू झाला. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. कोणाला ऐकू येत नव्हतं, कोणाच्या घरची कोंबडी सगळ्या जिल्ह्याला ऐकू येत होती, आणि रेंज दोनदा गेली. कोबुसिंगे खुर्चीच्या टोकावर बसली होती. अड्येरी फरशीवर, भिंतीला पाठ लावून, फडकं हातात. मग आवाज लागला.

"मुलांनो," अराली म्हणाले, "एक टाकी आहे. पहिला नळ ती तीन तासांत भरतो. दुसरा सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती तासांत भरेल? थांबतो. करा."

आवाज थांबला. ग्रुपवर उत्तरं पडायला लागली. कोबुसिंगेने कागदांच्या गठ्ठ्यात उत्तराचा कागद शोधायला घेतला. तो सापडेना. तिला स्वतःला तर हे गणित शाळेतही कधी जमलं नव्हतं.

"काय लिहितात?" अड्येरीने विचारलं.

"हा बघा एक, नऊ तास."

"चूक."

कोबुसिंगेने तिच्याकडे पाहिलं. "साडेचार. साडेचारवाले तर पुष्कळ आहेत."

"सगळी गाढवं," अड्येरी म्हणाली. "एकटा पहिला नळ तीन तासांत भरतो. त्याच्या मदतीला दुसरा आला तर वेळ वाढेल कसा? पुढचा?"

"दोन. केमिगिसा लिहितेय, दोन तास."

"कुठली ती?"

"किजुराची. मळ्यात राहते."

म्हातारीने मान डोलावली आणि फडकं बादलीत बुडवून पिळलं.

"तिला लिही," ती म्हणाली, "बरोबर आहे."